आधी उभं राहा, मग टिंब ठेवा

पुस्तक वाचून संपलं म्हणून नोकरी सोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. एका सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर स्पायरल बाइंडिंग केलेलं जाडजूड पुस्तक ठेवलं, त्यावर राजीनामा ठेवला, तो पंख्याने उडू नये म्हणून त्यावर माझाच पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, "झालं बाई. शेवटचं पान काल झालं. आता इथं बसून काय करू?"

मी म्हटलं, "काम करा."

"ते तुम्ही करताच की," असं म्हणून ते गेले. राजीनाम्यात कारण लिहिलं होतं, 'पुस्तक पूर्ण झाल्यामुळे.' मुंबईच्या मुख्य कार्यालयातून मला फोन आला, की कारण बदलून घ्या, 'वैयक्तिक' असं लिहायला सांगा. मी काही सांगितलं नाही. कारण खरं होतं.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. माझ्यापेक्षा ते जेमतेम चार वर्षांनी मोठे, पण काकाच म्हणावं असा चेहरा होता. घर हमरापूरचं, म्हणजे घरात बारा महिने गणपती, आणि तेही शेकड्याने. बावीस वर्षं ते कारखान्यात एकच काम करत होते, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी. मूर्ती एकाने ओतायची, दुसऱ्याने घासायची, तिसऱ्याने अंगाचा रंग द्यायचा, चौथ्याने दागिने, आणि सगळं वाळल्यावर अगदी शेवटी डोळे यांनी काढायचे. मग एका वर्षी ऐन सीझनला त्यांनी मालकाला सांगितलं, की या चाळीस मूर्ती अजून बघायला तयार नाहीत, रंग ओला आहे. दारात टेम्पो उभा होता. मालक म्हणाला, बघायचंय ते गिऱ्हाइकाला. काकांनी ब्रश धुतला, पुसला, खिशात घातला आणि घरी गेले. त्यानंतर ते आमच्या रोह्याच्या संस्थेत आले. मुलाखतीत मी विचारलं, "कॉम्प्युटर येतो?"

"बघितलाय," ते म्हणाले.

एवढ्यावर मी त्यांना घेतलं, कारण दुसरा उमेदवार तेवढंही खरं बोलला नव्हता.

संस्थेची रोह्याची शाखा म्हणजे एक खोली, एक संगणक आणि कामाला आम्ही दोघं. पेण-रोह्याकडच्या वाड्यांचे सरकारकडे करायचे अर्ज तयार करायचे, कागद जोडायचे, पाठपुरावा करायचा. मग मुंबईहून हुकूम आला, की यापुढे प्रत्येक अर्जाला नकाशा हवा. विकतचं सॉफ्टवेअर घेणं शक्य नव्हतं, म्हणून मी ओपन सोर्समधलं एक उतरवून घेतलं. कुणीही घ्यावं, वापरावं, जमत असेल तर दुरुस्तही करावं, असं ते असतं. सोबत नवशिक्यांसाठीचं एक मार्गदर्शक पुस्तक होतं, इंग्रजी, चौदा प्रकरणांचं. स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याने ते छापून बांधून दिलं. पुस्तक एक, संगणक एक, शिकणारे दोघं. भांडणं तिथूनच सुरू झाली.

मी असली पुस्तकं पाककृतीच्या पुस्तकासारखी वाचते. हवं ते पान उघडायचं, करायचं, मिटायचं. काकांनी मुखपृष्ठापासून सुरुवात केली. प्रकाशनाच्या हक्कांचं पान वाचलं. 'हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे' असं लिहिलेल्या पानाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "कोऱ्या पानाचं पण सांगून ठेवलंय. माणूस सरळ हाय." त्यानंतर ज्यांनी ज्यांनी ते सॉफ्टवेअर बनवायला हात लावला त्यांची नावं होती, चार पानं. ती त्यांनी मोठ्याने वाचली. सगळी.

"काका, यातलं एकही नाव आपल्याला लागणार नाही."

"फुकट देतात म्हणता, आणि एवढी माणसं राबलीत?" ते म्हणाले. "मूर्तीखाली कुणाचं नाव नसतं. इथं निदान लिवलंय. वाचायला काय जातं?"

पण सांगायला हवं, की काही गोष्टी त्यांना माझ्या आधी कळल्या. या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा थरांचा असतो. खाली जमीन, तिच्यावर नदी, मग रस्ते, सगळ्यात वर शाळा-विहिरींची टिंबं. थरांचा क्रम चुकला की खालचं झाकलं जातं. माझी गावं आठवडाभर जंगलाखाली गाडली जात होती. काकांनी एकदा पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे रंगाचे हात हायत, बाई. आधी पांढरा हात, मग अंगाचा, मग पितांबराचा. डोळे शेवटी." आमच्या ऑफिसात लेअर हा शब्द त्या दिवसापासून गेला. नदीचा हात दिसत नाही, रस्त्याचा हात वर घ्या, असंच आम्ही बोलायचो. मुंबईच्या बैठकीत मी एकदा सहज म्हणून गेले, "शाळांचा हात अजून ओला आहे." तिथे कुणीतरी ते टिपूनही घेतलं.

टिंबांच्या बाबतीत त्यांचा नियम वेगळा होता. जिथे आपण स्वतः उभे राहिलो नाही तिथे टिंब ठेवायचं नाही. "आधी उभं राहा, मग टिंब ठेवा," हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकत असे. विहीर असो, शाळा असो, हातपंप असो, ते जाऊन उभे राहत, फोनवरचे आकडे वहीत उतरवत, परत येऊन टिंब ठेवत, आणि मग फाइल तीनदा सेव्ह करत. पहिल्यांदा आपल्यासाठी, दुसऱ्यांदा संगणकासाठी. तिसऱ्यांदा कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही.

एकदा सकाळच्या गाडीने आम्ही पेणहून रोह्याला निघालो होतो. कासू स्टेशन आलं तसं त्यांनी फोन बाहेर काढला. फोनमधल्या नकाशात स्टेशनचं टिंब रुळांच्या पलीकडे, शेतात पडलं होतं. "हे चुकलंय," ते म्हणाले.

"असू दे. स्टेशन सापडतंय ना लोकांना?"

"ज्याला म्हाईत हाय त्याला सापडतंय," असं म्हणून ते उतरले. गाडी निघाली. मी खिडकीतून पाहिलं, तर काका प्लॅटफॉर्मच्या मधोमध फोन छातीशी धरून उभे होते. ऑफिसात पोचले दुपारी एक वाजता, विटांच्या टेम्पोतून. मी अर्धी रजा मांडली. त्यांनी त्यावर सही केली.

पुस्तकातले सराव कुठल्याशा थंड देशातल्या एका गावाच्या नकाशावर होते. मी ते वगळले. मला पेणच्या वाड्या काढायच्या होत्या, बर्फातली गावं नव्हेत. काकांनी त्या गावात तीन महिने काढले. तिथले रस्ते त्यांना पाठ झाले. जेवताना भाकरी-सुकटीचा डबा उघडून ते त्या गावाच्या अडचणी सांगायचे. "पेट्रोल पंप एकच, आणि तोही गावाबाहेर."

"मग?"

"मग काय. लोकांचे हाल."

पानं गाळण्याचा फटका मला एकदा बसला, तेही सांगून टाकते. मी मिठागरांकाठच्या सात वाड्यांचे आकडे तक्त्यात भरून थेट नकाशावर आणले. नकाशा कोरा. अर्ध्या तासाने काकांना वाड्या सापडल्या. मी अक्षांशाच्या जागी रेखांश भरले होते. सातही वाड्या नॉर्वेच्या वरच्या समुद्रात ओळीने तरंगत होत्या. काका हसले नाहीत. नीट निरखून म्हणाले, "तिथं मीठ पिकायचं नाय, बाई." आणि पुस्तकाचं चौथं प्रकरण उघडून माझ्यासमोर ठेवलं.

आता त्या वाडीबद्दल, जिच्यामुळे आमचं खरं वाजलं.

धरमतर खाडीचा एक फाटा आत शिरतो, त्याच्या काठी मिठागरांना लागून बारा घरांची वाडी आहे. माणसं मिठागरात मजुरीला जातात. सहा वर्षांखालची मुलं चौदा. अंगणवाडी फाट्याच्या पलीकडच्या गावात. वाडीला स्वतःची छोटी अंगणवाडी मिळावी असा अर्ज एकदा नामंजूर झाला होता, शेरा होता 'अंतर अल्प'. आम्ही दुसऱ्यांदा अर्ज करत होतो. तो नामंजूर झाला असता तर पुन्हा कुणी फाइल उघडली नसती. अर्ज शुक्रवारी द्यायचा होता, नकाशासकट.

सोमवारी मी आकाशातून घेतलेल्या फोटोवर गावातल्या अंगणवाडीचं छप्पर शोधलं, टिंब ठेवलं, वाडीपासून रेघ ओढली. चारशे ऐंशी मीटर. माझं तोंड उतरलं. आमच्याच नकाशाने शेऱ्यावर शिक्का मारला होता. तरी आकडा तो आकडा, म्हणून मी तसाच ठेवला आणि घरी गेले. मंगळवारी सकाळी पाहते तर टिंब गायब.

"काका, अंगणवाडीचं टिंब कुठंय?"

"काढलं."

"का?"

"तुम्ही उभ्या राहिलात तिथं?"

"फोटोत छप्पर स्वच्छ दिसतंय."

"छप्पर दिसतंय. दार कुठं हाय?"

"दार काय करायचंय आपल्याला?"

"पोरगं छपरातून आत जातं?"

मी पाणी प्यायले. मग म्हटलं, ठीक आहे, आजच जा, वाट चालून या, ती फोनमध्ये नोंदवा आणि नकाशावर आणा. काका म्हणाले, ते बाराव्या प्रकरणात आहे. आणि ते स्वतः नवव्यात होते.

"मग बारावं उघडा."

"मधली?"

"मागाहून करा."

"डोळे काढून मागाहून अंग रंगवतात का, बाई?"

मी त्यांना सांगितलं, की चौदा मुलं आहेत, शुक्रवार आहे, आणि तुमचं डोकं ठिकाणावर नाही. त्यांनी मान डोलवली आणि नववं प्रकरण पुरं करायला बसले. मंगळवार-बुधवार ते जागचे हलले नाहीत. डबाही उघडला नाही. दहावं प्रकरण डोंगरांची उंची आणि उतार मोजण्याचं. वाडी समुद्रसपाटीला. मी विचारलं, याचा उपयोग काय? म्हणाले, "किती सखल हाय ते कळलं." बुधवारी पाच वाजता त्यांनी बारावं उघडलं, आणि गुरुवारी सकाळी आम्ही वाडीवर होतो. मी बरोबर गेले, कारण माझा त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता.

वाट दाखवायला हिरा आली. मिठागरात काम करते, दोन मुली. वाडीच्या तोंडाशी उभं राहिलं की फाट्यापलीकडे अंगणवाडीची पिवळी भिंत दिसते, इतकी जवळ की भिंतीवरचा रंगवलेला पोपट ओळखू येतो. मध्ये पाणी.

"आता समोर बघू नका, ताय," हिरा म्हणाली. "हिकडनं."

आणि ती उलट्या दिशेने चालू लागली. बांधावरून उघाडीपर्यंत, म्हणजे जिथे खाडीचं पाणी अडवायचं दार आहे तिथपर्यंत जायचं, ती ओलांडायची आणि पलीकडच्या बांधाने तेवढंच परत यायचं. बांध दोन ठिकाणी उधाणाने खाल्लेला. एका ठिकाणी नुसती फळी टाकलेली.

"हितं माझी धाकली घसरली व्हती," फळीवरून जाताना हिरा म्हणाली. "केसांची येणी व्हती म्हनून हाताला लागली." बाजारातून काय आणलं ते सांगावं, तशा आवाजात ती हे बोलली. मी तेव्हा फळीवरच होते.

"ओहोटीला पाण्यातून जाता ना तुम्ही?" काकांनी विचारलं.

"व्हय. गुडघाभर चिखल. पोर काखंत, चपला हातात. आनी येताना भरती लागली तं पुन्ना हीच वाट."

"पहिल्या वेळी साहेब बघायला आले ते कधी?"

"आष्टमीला. दुपारचे." ती हसली. "खाडीत पानीच नवतं त्या टायमाला. आमी समदी समोरून जाताना दिसलो त्यांना."

अंगणवाडीशी पोचल्यावर काकांनी चपला काढल्या आणि उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. आतून तिथल्या सेविकाबाईंनी विचारलं, "कोण हवंय?"

"कुणी नाय," काका म्हणाले. "उभा राहायला आलोय."

वाट भरली दोन किलोमीटर सातशे मीटर. त्या संध्याकाळी काकांनी एक नाही, दोन नकाशे केले. एक भरतीचा, एक ओहोटीचा. मला वाटलं होतं सरकारी बालविकास कार्यालय एकच घेईल, पण शुक्रवारी मी दोन्ही जोडले.

कार्यालयातल्या मॅडम मागच्या साहेबांच्या जागी नवीन आलेल्या, कामाच्या होत्या. त्यांनी नकाशा उलटसुलट पाहिला. "तुमचं सॉफ्टवेअर सरळ अंतर किती दाखवतं?"

मी खोटं बोलणार नव्हते. "चारशे ऐंशी."

"आणि इथं लिहिलंय दोन हजार सातशे."

"चारशे ऐंशी ते बगळ्याचं, मॅडम," काका म्हणाले. "दोन हजार सातशे ते पोरांचं."

मॅडमनी चष्मा काढला. "मला जागेवर यावं लागेल. सोमवारी येते."

काकांनी त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "मंगळवारी या ना. चतुर्दशी हाय. अकरा वाजता. दिवस बरा."

मॅडम श्रद्धाळू असाव्यात. लगेच हो म्हणाल्या. जिना उतरताना मी काकांना म्हटलं, "चतुर्दशीला अकराला काय असतं ते मला माहीत आहे."

"भरती असती," काका म्हणाले. "खोटं काय बोललो? दिवस बराच हाय."

मंगळवारी अकराला फाटा काठोकाठ भरला होता. मॅडम ऑफिसच्या सँडलवर आल्या होत्या. वाडीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी पिवळ्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "ती काय समोर, तिथं कसं जायचं?" हिराने उलटी दिशा धरली. काका सगळ्यात मागे. फळीशी मॅडम थांबल्या. हिराने हात पुढे केला, "धरा ताय, पन खाली नका बघू." मॅडमनी खाली बघितलं. परतीच्या वाटेवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो मुलांच्या वयाचा. त्यांच्या फाइलवर काकांचे दोन्ही नकाशे लागले, आणि काही महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. इमारत होईपर्यंत हिराच्या पडवीत बसायचं ठरलं.

एक अडचण राहिली. सेविका होण्याइतकं शिकलेलं वाडीत कुणी नव्हतं. नेमणूक झाली ती पलीकडच्या गावातल्या एका सुनेची. चुणचुणीत मुलगी, नवीनच लग्न झालेली. पहिल्या दिवशी आम्ही दोघं साडेनऊपासून पडवीत बसलो होतो. चौदा मुलं रांगेत बसवलेली, हिराने सगळ्यांचे केस पाण्याने चापून बसवलेले. भरती होती. समोर खाडीतून एक मालवाहू बार्ज सावकाश जात होता आणि मुलांचं सगळं लक्ष तिकडे.

सेविका आली ती पदर खोचून, सँडल हातात, पोटरीपर्यंत चिखल. आल्या आल्या माझ्याकडे वळली. "मॅडम, हे रोज? अहो, ते काय समोर माझं घर दिसतंय. दारातली तुळस दिसतेय."

"दिसतीया व्हय," हिरा म्हणाली. "आमालापन तुमची अंगनवाडी दिसायची."

हिराने तिला पाण्याचा तांब्या दिला. "बस गो. दम घे. उद्या कदी निगायचं ते मी सांगन तुला. पानी मला कळतं."

ती बसली. एका मुलीने जाऊन तिच्या पायावरचा चिखल बोटाने उकरून पाहिला. सेविकेने पाय मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला आणि तिला नाव विचारलं.

सेविका समोरच्या दारातून निघालेली दिसली तेव्हापासून काकांनी वेळ धरली होती, आता ते घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहीत होते. "अठ्ठेचाळीस मिनिटं लागली ह्यांना," ते मला हळू आवाजात म्हणाले. "पण ह्या रागात चालल्यात. एरवी बावन्न धरा."

मी अहवालात पन्नास लिहिलं.